आधीच्याचं पाणी

"म्हणजे खाली पाणी खरोखरच उकळतंय?"

"उकळतंय महाराज. तांदळाची पुरचुंडी सोडा, भात होऊन वर येतो."

"आणि बाबा? बाबा खाली आहेतच ना?"

"कुठं जातील?" हेमाराम म्हणाला.

हेमाराम म्हणजे उंटवाला. हेच दोन प्रश्न त्याला पहाटेपासून किती वेळा विचारले गेले, याची मोजदाद त्यानं केव्हाच सोडून दिली होती. उंटानंसुद्धा कान पाडले होते.

विचारणारा होता त्रिंबक. संगमेश्वराकडचा, तिशी नुकतीच ओलांडलेला, वेद मुखोद्गत, आवाज खणखणीत आणि पायाला भिंगरी. गावोगाव लोक त्याला शास्त्रीबुवा म्हणत आणि त्यालाही ते आवडे. कशाला खोटं बोला?

आता हा कोकणातला माणूस मारवाडापलीकडच्या वाळवंटात काय करत होता?

गुरू शोधत होता. त्याला कानमंत्र हवा होता. गुरूनं कानाशी तोंड न्यावं, एकच शब्द सांगावा आणि आपण त्या शब्दावर उरलेला जन्म काढावा, एवढंच त्याचं मागणं. पण जिथं जाई तिथून रिकाम्या कानानं परत येई. कुणी म्हणे, अजून वेळ आहे. कुणी म्हणे, तू माझा नव्हेस. शेवटी नर्मदेकाठच्या एका म्हाताऱ्या संन्याशानं सांगितलं, "तुझा कान फुंकणारा तपतीच्या घळीत बसलाय. जा."

झालं. त्या दिवसापासून त्रिंबकाला ना झोप, ना भूक. नवरदेव मांडवाकडे जात नाही इतक्या घाईनं तो निघाला. वाळवंटाच्या पोटात एक खोल घळ आहे, तिच्यात ऊन पाण्याचे झरे फुटतात, म्हणून तिकडचे लोक तिला तपती म्हणतात. बस, एवढ्या माहितीवर स्वारी चालत राहिली.

आणि चालताना आपलं व्रत सांभाळत राहिली.

व्रत असं, की दुसऱ्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही. जातपात बघून नव्हे हं. सख्ख्या मामाच्या हातचंही नाही. स्वतः काढायचं, स्वतः वाहायचं, स्वतः प्यायचं. त्यासाठी खांद्याला दुधी भोपळ्याचा वाळवलेला तुंबा आणि कमरेला चिंचेनं घासून लखलखीत केलेला तांब्याचा तांब्या. तो विहिरीवर पाणी शेंदायला उभा राहिला, की आयाबाया पोरांना दाखवत, "बघ रे, याला म्हणतात निष्ठा." मग त्रिंबक दोर जरा सावकाश ओढायचा.

*

दुपार कलती झाली आणि वाळू एकदम संपली. पायाखाली जमीन दुभंगलेली. तांबड्या-पिवळ्या खडकांच्या दोन भिंती खोल खाली गेलेल्या आणि तळातून वाफेचे पांढरे पुंजके वर येत होते.

"हीच तपती," हेमाराम म्हणाला.

त्रिंबकानं नाक वर केलं. वाऱ्याबरोबर गंधकाचा वास आला... आणि त्याच्या पोटात काही तरी लहान मुलासारखं उडी मारून उठलं.

हा तर त्याच्या गावचा वास. संगमेश्वराकडे ऊन पाण्याच्या झऱ्याला उन्हाळं म्हणतात. लहानपणी तो त्या उन्हाळ्यावर लोळून मोठा झाला होता. एक पाय ऊन पाण्यात, एक पाय शेजारच्या गार ओढ्यात, असं उभं राहून कोण जास्त वेळ टिकतो याच्या पैजा लागत. हजार कोस तुडवून माणूस परक्या मुलखात यावा आणि तिथं आपल्या आळीचा वास यावा, तेव्हा त्याचं काय होतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

त्याचे डोळे भरून आले. त्यानं खांद्यावरचा तुंबा काढला, दोन्ही हातांत धरला, घळीकडे तोंड करून मंत्र म्हटला आणि उरलंसुरलं सगळं पाणी अर्घ्य म्हणून ओतून दिलं.

"महाराज, नका..." हेमाराम धावला.

तोवर वाळूनं पाणी पिऊन टाकलं होतं. ओलसुद्धा दिसेना.

"हे काय केलंत?"

"अरे, खाली गार पाणी आहेच की."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? उन्हाळ्याशेजारी गार ओढा असतोच."

"तुमच्याकडे असेल," हेमाराम म्हणाला. मग त्यानं मुकाट्यानं आपली कातडी पखाल सोडली आणि पुढं केली. "घ्या. घोटभर घ्या. राहू द्या बरोबर."

त्रिंबक हसला. तिरस्कारानं नव्हे, आनंदानंच हसला. आज त्याला कशानंही हसू येत होतं. "माझं व्रत ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. म्हणूनच देतोय."

त्रिंबकानं मान हलवली. हेमारामानं पखाल पुन्हा बांधली. उंट खाली उतरत नाही, त्यामुळे त्यांची सोबत इथवरच होती. हेमाराम जाता जाता म्हणाला, "जपून उतरा," पण ऐकायला त्रिंबक तिथं होता कुठं?

तो निम्म्या उतारावर पोचला होता.

*

घळीचा तळ म्हणजे नवल होतं. जागोजागी कुंडं. एकात पाणी खदखदतंय, एकात नुसते बुडबुडे, एकातून वाफेचा फूत्कार. काठांवर पिवळी, पांढरी, हिरवट पुटं चढलेली. त्रिंबक लहान मूल जत्रेत फिरावं तसा या कुंडावरून त्या कुंडावर धावत सुटला. बोट बुडवलं, भाजलं, चोखलं, पुन्हा दुसऱ्यात बुडवलं.

मग तो गार ओढा शोधू लागला.

या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. परत आला. खडकामागं पाहिलं, कपारीत हात घातला. जो झरा सापडे तो कढत. वाळूत खड्डा उकरला, तर खालूनही वाफच आली.

घशाला कोरड पडली होती. एवढा वेळ ती जाणवली नव्हती.

"काय शोधतोस?" आवाज आला.

एका मोठ्या कपारीच्या सावलीत म्हातारा बसला होता. अंगावर गोधडीचा तुकडा. गळ्यात रुद्राक्ष नाही, हातात जपमाळ नाही, कपाळ कोरं. कोणत्या पंथाचा ते सांगायची सोय नाही. मागं भिंतीला टेकून मातीच्या लहान लहान घड्यांची एक रांग. प्रत्येक घड्यावर चपटा दगड झाकण म्हणून ठेवलेला. तो कोणती भाषा बोलला, असं मला विचारू नका. त्रिंबकाला कळली, एवढं पुरे.

त्रिंबकानं धावत जाऊन साष्टांग दंडवत घातला. नाकातोंडात वाळू गेली, तरी हसू मावेना.

"बाबा, मी आलो."

"दिसतंय."

"फार लांबून आलो. मला कानमंत्र हवा. इथंच मिळेल असं सांगितलंय मला. बाबा, आत्ता द्याल?"

बाबानं त्याच्या फुटलेल्या ओठांकडे पाहिलं.

"आधी पाणी पी."

"गार पाणी आहे?"

बाबानं अंगठ्यानं मागच्या घड्यांकडे खूण केली.

त्रिंबक उठला. दोन पावलं गेला आणि थांबला.

"हे कुणी काढलं?"

"आधी आलेल्यांनी."

"म्हणजे?"

"तपतीचं पाणी कढत, वर गंधकाचं. तसंच प्यालं तर पोटात ठरत नाही. मातीत रात्रभर निवलं की गोड होतं. पण तहानलेला माणूस रात्रभर थांबेल का? म्हणून इथं रीत आहे. आलेल्यानं आधीच्याचं पाणी प्यायचं आणि जाताना घडा भरून ठेवायचा."

"कुणासाठी?"

"येईल त्याच्यासाठी."

त्रिंबक मागं सरला. हात जोडले. आवाजात थोडा ताठा आलाच. "बाबा, क्षमा करा. मी दुसऱ्याच्या हातचं पाणी पीत नाही. लहानपणापासूनचं व्रत आहे. आजवर मोडलं नाही."

बाबा एक बोट कानात घालून खाजवत राहिला.

"तुम्ही मंत्र द्या. पाण्याचं मी बघतो."

"शास्त्री..."

"जी?"

"दुसऱ्याच्या हातचं पाणी चालत नाही. मग दुसऱ्याच्या तोंडचा मंत्र कसा चालेल?"

त्रिंबक अडतो कुठं? शेवटी शास्त्रीच तो. "मंत्र उष्टा होत नाही, बाबा."

"होतो रे. किती तोंडांतून आलाय तो. आणि त्यातलं एकही तोंड तू पाहिलेलं नाहीस."

...

"आधी पाणी पी," बाबा पुन्हा म्हणाला. "कोरड्या घशाच्या माणसाच्या कानात काही उतरत नाही."

*

आता झाली पंचाईत. मंत्र चार हातांवर बसलेला आणि मध्ये घड्यांची रांग. पाणी प्यावं तर व्रत जातं. न प्यावं तर मंत्र जातो आणि बहुधा जीवही.

पण त्रिंबकाचा उत्साह असा घोटभर पाण्यासाठी विझणारा नव्हता. तो म्हणाला, "मी माझं पाणी काढतो. माझं मी निववतो. माझं मी पितो."

"बरं," बाबा म्हणाला.

तो धावला. तुंबा कुंडात बुडवला, भरला, विजयानं वर काढला. त्या तुंब्याला एक जुनी चीर होती, तीत त्यानं स्वतःच्या हातानं लाख भरली होती. कढत पाण्यात लाख वितळली. चीर उकलली आणि सगळं पाणी त्याच्या पायावर आलं. तो एका पायावर नाचला. बाबानं पाहिलं, हसला नाही. निदान तोंडानं तरी हसला नाही.

मग त्यानं तांब्या काढला. दोर बांधून कुंडात सोडला. वर काढला तर चिंचेनं घासलेला तो लखलखीत तांब्या काळाठिक्कर झालेला. गंधक लागल्यावर तांब्याचं दुसरं काय होणार? त्रिंबकानं तो पंच्यानं पुसला, वाळूनं घासला. काळा तो काळाच.

"असू दे," तो स्वतःशी म्हणाला. "पाणी तर माझं आहे."

सावलीत तांब्या ठेवून तो समोर बसला. फुंकर घालू लागला. मांजर दुधापुढं बसतं तसा बसला होता, डोळे मिटेनात आणि जागचा हलेना. ऊन भिंतीवर वर वर चढत गेलं. पाणी कोमट झालं. त्यानं डोळे मिटून तांब्या तोंडाला लावला आणि गटागटा प्याला.

आणि सगळंच्या सगळं ओकला. पोटात होतं नव्हतं तेवढंही गेलं.

बराच वेळ तो गुडघ्यांवर तसाच राहिला. कानांत झिणझिण्या आल्या होत्या.

"मातीत ठेवल्याशिवाय वास जात नाही," मागून बाबाचा आवाज आला. "सांगितलं होतं."

"मग मला घडा द्या. रिकामा घडा. त्यात भरून ठेवीन. सकाळपर्यंत थांबेन."

"सकाळपर्यंत टिकशील?"

"टिकेन."

"घे मग. असेल एखादा रिकामा तर."

त्रिंबक घड्यांच्या रांगेपाशी गेला. पहिल्याचं झाकण उचललं. भरलेला. दुसरा भरलेला. तिसरा, चौथा... शेवटपर्यंत गेला. सगळे काठोकाठ.

"यात रिकामा एकही नाही."

"नसायचाच. रीतच तशी आहे."

"मग रिकामा करायचा कसा?"

"पिऊन," बाबा म्हणाला.

त्रिंबक त्या घड्यांकडे पाहत राहिला. आणि मग तहान जे करायला लावते ते त्यानं केलं. शेवटचा घडा त्यानं दोन्ही हातांनी उचलला आणि वाळूवर वाकवला. पाणी काठापर्यंत आलं.

बाबा उठला नाही. अडवलंही नाही.

"ओत," तो शांतपणे म्हणाला. "तुला ओतायची सवय आहे. पण ज्यानं भरलंय त्याला आधी हाक मारून सांग."

"कोण आहे तो?"

"मला काय ठाऊक? आला, प्याला, भरलं, गेला."

त्रिंबकानं घड्याकडे पाहिलं. गेरूच्या रंगाच्या त्या मातीवर कुणाच्या तरी ओल्या पंजाचा डाग वाळून उमटला होता. लहान पंजा होता. बाईचा असेल, नाही तर पोरगेल्याशा माणसाचा.

त्यानं घडा सरळ केला. जागेवर ठेवला. आणि तिथंच मटकन खाली बसला.

"नाही ओतवत," तो म्हणाला.

"पिववतही नाही?"

"नाही."

...

"कुणी बोललं होतं का रे तुला," बाबानं विचारलं, "पाणी पाजून?"

*

हे मात्र त्रिंबकाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी व्रताचं कौतुक केलं होतं, फुलं वाहिली होती. व्रत का घेतलं, ते कुणी विचारलं नव्हतं.

तो बोलू लागला, तेव्हा तो खणखणीत आवाज कुठल्या कुठं गेला होता.

"मला आईबाप नव्हते, बाबा. वार लावून जेवलो. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. मंगळवारच्या घरची काकू... वाढायची पोटभर. खोटं कशाला बोलू? पण जेवताना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. माझ्या घासाकडे बघत. एकदा उन्हाळ्याच्या दिवसांत मी दुसऱ्यांदा पाणी मागितलं. घरी पाहुणे होते. ती त्यांना म्हणाली, आमच्या पाण्यावर वाढतोय हो हा. आणि मला म्हणाली, लक्षात ठेव रे, उद्या कितीही मोठा झालास तरी हे रक्त आमच्या पाण्याचं आहे."

"मग?"

"पाहुणे हसले. मी पानावरून उठलो. नदीवर गेलो, ओंजळीनं प्यालो आणि शपथ घेतली."

बाबानं मान डोलावली. त्यानं काकूला नावं ठेवली नाहीत. त्रिंबकाची कीवही केली नाही.

"कुठं उभी राहायची म्हणालास?"

"दारात."

"शास्त्री, इथं दार कुठाय?"

त्रिंबकानं मान वर केली.

समोर उघडी घळ. वर आभाळाची पट्टी. वाफ निघत होती, खडक तापून बसले होते. आणि घड्यांची ती रांग... तिच्याजवळ कुणीच उभं नव्हतं. कुणी बघत नव्हतं. ज्यानं पाणी भरलं तो कधीच निघून गेला होता. तो आभारासाठी थांबला नव्हता, नाव सांगून गेला नव्हता. त्याला त्रिंबक ठाऊक नव्हता आणि कधी होणारही नव्हता.

बाबासुद्धा पाठ करून बसला होता. कधी वळला कोण जाणे.

त्रिंबकानं हात पुढं केला. मागं घेतला. पुन्हा पुढं केला. ओल्या पंजाचा डाग असलेला तो घडा उचलला, डोळे मिटले आणि तोंडाला लावला.

गार. काय गार होतं ते पाणी. जिभेला मातीची चव लागली, टाळूला लागली, छातीतून खाली उतरताना कळत गेली. पहिल्या घोटाला तो रडला. दुसऱ्या घोटाला हसला. मग रडणं कुठलं आणि हसणं कुठलं ते त्याचं त्यालाच कळेना. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यावरून छातीवर. इतक्या वर्षांत आपल्याला कुणी काही दिलं होतं, असं त्याला आज पहिल्यांदा वाटलं.

घडा रिकामा झाला, तसा तो ताडकन उठला.

"बाबा, मी भरतो. आत्ता भरतो."

आणि धावला. तो काळा तांब्या कुंडात सोडायचा, वर ओढायचा, धावत येऊन घड्यात रिकामा करायचा. बोटं भाजत होती, पायावर फोड आला होता, पण गड्याचा पाय जमिनीला लागत नव्हता. घडा भरला. तरी तो आणखी एक खेप घेऊन आला आणि पाणी सांडलं. मग भानावर आला.

झाकण ठेवलं. दोन पावलं मागं जाऊन पाहिलं. आपला घडा. आपण भरलेला.

माणसाचा स्वभाव बघा. त्यानं कमरेची विभूतीची पुडी सोडली, तीन बोटं बुडवली आणि घड्याच्या पोटावर तीन ठळक पट्टे ओढले. आता हा घडा ओळखू येईल. हा शास्त्रीबुवांचा.

बाबानं ते पट्टे पाहिले.

"आता मंत्र, बाबा?"

"पाणी निवू दे," बाबा म्हणाला आणि आडवा झाला.

*

सकाळी उठल्या उठल्या त्रिंबकानं घड्याला हात लावला. गारेगार. त्यानं गाल टेकवून पाहिला. एखाद्याच्या घरी पहिलं मूल व्हावं इतका तो हरखला होता. बाबाला हलवून सांगणार, तेवढ्यात वरून खडे घरंगळत आले.

कुणी तरी उतरत होतं.

म्हातारी होती. डोक्यावर बोचकं, हातात काठी, तोंडानं एकसारखी बडबड. आवाज भिंतींवर आपटून पुढंच येत होता. लेकीला पलीकडच्या वस्तीत मुलगा झाला म्हणे, नातू झाला म्हणे, आणि मेले हे दगड पायात येतात म्हणे.

येईल त्याच्यासाठी, असं बाबा म्हणाला होता. तो येणारा आलाच की. त्यानं घाईघाईनं आपला घडा रांगेतून ओढला आणि सगळ्यांच्या पुढं ठेवला, पट्टे समोर येतील असा. झाकण नीट केलं. आणि घड्याशेजारी उभा राहिला.

म्हातारी शेवटचा टप्पा उतरत होती. धाप लागलेली, ओठ वाळलेले. तिनं मान वर करून पाहिलं. तिची नजर आधी घड्यावर गेली. मग शेजारी उभ्या असलेल्या त्रिंबकावर.

आणि ती जराशी थबकली. तहानलेलं माणूस परक्या दारात थबकतं, तशी.

ते थबकणं त्रिंबकाला ओळखीचं होतं. मंगळवारी तोही असाच थबकायचा.

त्यानं खाली पाहिलं, आपल्या पायांकडे. आपण कुठं उभे आहोत ते त्याला दिसलं...

त्यानं पंच्याचं टोक तोंडात धरून ओलं केलं. खाली वाकला. एक पट्टा पुसला, दुसरा पुसला, तिसरा जाईना तो जोरानं घासला. घडा उचलून पुन्हा रांगेत नेला, इतरांच्या मधोमध. आणि म्हातारी पोचायच्या आत तो लांबच्या खडकामागं जाऊन बसला, पाठ करून.

त्याला झाकणाचा आवाज आला. मग पाणी पिण्याचा. लांब, सावकाश, मध्ये श्वास घेत घेत. कोणत्या घड्यातलं प्याली, ते त्यानं वळून पाहिलं नाही. पाहावंसं फार वाटत होतं. मुठी आवळून बसून राहिला.

"अगं बाई, काय गोड आहे." म्हातारी स्वतःशीच म्हणाली. मग मोठ्यानं, "कुणी भरलं रे हे?"

बाबा झोपल्यासारखा पडून होता.

त्रिंबकाच्या ओठांवर शब्द आला. एवढासा शब्द. तो त्यानं गिळला.

"आधी कुणी तरी येऊन गेलं, आजी," तो म्हणाला. "त्यानं."

"सुखी राहो बापडा," म्हातारी म्हणाली.

तिनं आपल्या हिशेबानं घडा भरला, हाश्शहुश्श करत झाकण ठेवलं, बोचकं डोक्यावर घेतलं आणि नातवाशी आत्तापासूनच बोलत घळीच्या दुसऱ्या तोंडानं निघून गेली. तिची बडबड बराच वेळ ऐकू येत होती. मग तीही थांबली.

त्रिंबक खडकामागून उठला. कपारीशी आला. पंच्याचं टोक विभूतीनं पांढरं झालेलं होतं, ते त्यानं मुठीत लपवलं. मंत्राचं त्यानं काढलं नाही. आज त्याला आठवणच राहिली नव्हती. तो तांब्या उचलून कुंडाकडे वळला. पुढं येणारे दोघं-तिघं असले तर?

"पोरा," मागून बाबानं हाक मारली.

तो वळला.

बाबा उठून बसला होता. त्यानं शेजारची वाळू हातानं सारखी केली.

"ये. कान इकडे कर."